येस म्हणजे येस

अमळनेरला स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरा धंदा फॉर्म भरण्याचा आणि बायोडाटा टाइप करण्याचा. ज्या पोरांकडे सांगण्यासारख्या दोनच ओळी असतात, त्यांना तिसरी मी माझ्या पदरची लावायचो: ‘आय ॲम केपेबल टु डू एनी वर्क.’ कित्येक वर्षं लावली, कुणी हटकलं नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र एका पोराने कागद परत आणून काउंटरवर ठेवला. ‘टु डू’भोवती लाल गोल.

“साहेब हसना, भाऊ.” साहेब हसला, एवढंच बोलला.

रात्री शटर ओढून मुलीची डिक्शनरी घेऊन बसलो. चूक साधीच होती. ‘एबल’ला पुढे ‘टु’ लागतो. ‘केपेबल’ला ‘ऑफ’ आणि त्यापुढे ‘डूइंग’. मी एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात घातली होती. अर्थातही फरक आहे. ‘केपेबल’मध्ये अंगात धमक असल्याचं सांगणं असतं, मग काम चांगलं असो की वाईट. खून करायलाही माणूस ‘केपेबल’ असू शकतो! ‘एबल ऑफिसर’ म्हटलं की मात्र सरळ कर्तबगार अधिकारी.

या ‘एबल’चं मूळ लॅटिनमधलं ‘हाबिलिस’, म्हणजे हाताळायला सोपं. तेही धरणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेलं. आपला ‘हातखंडा’ आठवला. कसब हातातच असतं, हे तिकडच्यांनाही कळलेलं दिसतं. (जहाजावर नोकरी शोधणाऱ्या एकाच्या कागदात ‘एबल सीमन’ वाचून मला ती स्वतःची स्तुती वाटली होती आणि मी खोडायला निघालो होतो. तो हुद्दा निघाला, ऑर्डिनरी सीमनच्या वरचा. बोरीला पूर आला तरच पाणी बघणाऱ्याला हे कुठून माहीत असणार?)

दुसऱ्या दिवशी पोराला बोलावलं आणि या वेळी आधी विचारून घेतलं. सीझनला जिनिंगवर कामाला जातो, ट्रॅक्टर हाकतो.

“ट्रॅक्टर चालवता येतं?”

“येस.”

मला वाटलं इंग्रजी मारतोय.

“ट्रॉली लावून रिव्हर्स?”

“ते बी येस.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे अहिराणीतलं ‘येस’, म्हणजे येतं.

“रातपाळी?”

“जमत नही. माय घर एकटी शे.”

रुईची गाठ ढकलायचं विचारलं, तर म्हणाला, दोघं असले तर झेपतं.

चार प्रश्न, तीन क्रियापदं. येतं ते शिकलेलं, जमतं ते घरच्या परिस्थितीवर, झेपतं ते अंगातल्या ताकदीवर. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘एबल टु’ टाकलं तरी व्याकरण चुकत नाही, पण रातपाळीला नाही म्हणणाऱ्याला ‘नॉट एबल टु’ लिहिलं, तर साहेबाला वाटेल पोरगं कमजोर आहे. आई एकटी आहे हे त्यात कुठेच उतरत नाही. आणि ‘मला जमणार नाही’ यात आपण जी ‘इच्छा नाही’ सफाईने लपवतो, तीही उतरत नाही.

एक गोष्ट मात्र इंग्रजीने नीट वेगळी ठेवली आहे. लहानपणी झाडावर चढता यायचं, याला ‘कुड’. काल टायर पंक्चर असूनही माल पोचवता आला, याला ‘वॉज एबल टु’. एकदाच, अडचण असून निभावलेलं. नकारात दोन्ही चालतात. मराठीत ही वाटणी आपण ‘यायचं’ आणि ‘आलं’ यांवर भागवतो.

शेवटी मी ‘एनी वर्क’ उडवलं. ट्रॅक्टर, ट्रॉली, दोन सीझन जिनिंग, एवढंच ठेवलं. रातपाळीचं तो म्हणाला लिहू नका, विचारलं तर सांगेन.

पैसे घेतले नाहीत. कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइलींत ती ओळ अजून किती जणांच्या बायोडाटात बसलेली आहे, ते शोधायचं बाकी आहे.