रातची लाईन, जागल अन् हातावरचा बँड

शेतकऱ्याला मनगटावर घालायचा, पावलं-ठोके-झोप मोजणारा फिटनेस बँड कशाला पाहिजे, तो तर दिवसभर राबतोच, त्याला काय पावलं मोजायची, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मला पावलं मोजायचीच नव्हती, मला झोपेचं पाहायचं होतं. आमचा दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. रब्बी लागली की शेतीच्या लाईनची, म्हणजे मोटारीच्या विजेची पाळी असते, आठवड्यातले काही दिवस दिवसा अन् बाकीचे दिवस रात्री, अन् रात्रीची पाळी असली की हरभऱ्याला-गव्हाला ओलीत करायला वावरात जाणंच आहे, वरून रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, यांच्यापायी जागल, म्हणजे रातची राखण, वेगळीच. दोन-तीन वर्षांपासून डोकं जड राहायचं, पोरांवर उगाच चिडचिड व्हायची, अन् मागच्या हिवाळ्यात तर बाजारातून येताना मोटरसायकलवर डोळा लागायची वेळ आली, मागे बायको बसलेली होती. डॉक्टर म्हणाले झोप किती होते ते सांगा. आता काय सांगणार, कधी तीन तास तर कधी पाच, तुकड्या-तुकड्यात, त्याचा हिशोब कोण ठेवतो. मग पुतण्याला सांगून दोन-अडीच हजाराचा साधा बँड मागवला.

पुतण्या अमरावतीला शिकतो, दिवाळीत आला तेव्हा त्यानंच सगळं लावून दिलं. ॲपमध्ये वय, उंची, वजन, स्त्री का पुरुष हे बरोबर भरा, कारण कॅलरी अन् छातीच्या ठोक्यांचा सगळा हिशोब त्यावरूनच होतो. बँड डाव्या हाताला, म्हणजे ज्या हातानं आपण काम कमी करतो त्या हाताला, मनगटाच्या हाडाच्या जरा वर, अन् सैल नको, हलला की आकडा चुकतो. अजून एक फार महत्त्वाचं म्हणजे फोनमधला बॅटरी सेव्हर. फोन आपोआप मागचे ॲप बंद करून टाकतो अन् मग बँडमधला डेटा फोनमध्ये येतच नाही, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन त्या एका ॲपला सूट द्यायची. सुरुवातीला आमचा डेटा गायब व्हायचा तो यामुळेच. चार्जिंगचं म्हणाल तर आंघोळीच्या वेळेला लावून देतो, आठवड्याच्या वर चालतो.

पहिल्याच रात्री बाबा ओरडले, "काहून रे, हातावर हे हिरवं हिरवं काय लुकलुकते? झोपू देत नाही लेका." तो हिरवा लाईट म्हणजेच या बँडचं खरं काम. रक्त हिरवा उजेड शोषून घेते, ठोका पडला की मनगटातल्या बारीक नसांमध्ये रक्त वाढते अन् परत येणारा उजेड कमी होतो, त्या कमी-जास्तीवरून तो ठोके मोजतो. दुसरा असतो हालचालीचा सेन्सर. बस, या दोन गोष्टींवरून तो झोपेचा अंदाज बांधतो, हात किती वेळ हलला नाही अन् ठोके किती खाली आले. झोपेची खरी तपासणी मोठ्या दवाखान्यात होते, पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात, डोक्याला तारा लावून मेंदूचे सिग्नल पाहतात. बँडला मेंदूतलं काही दिसत नाही. म्हणून गाढ झोप एवढी मिनिटं अन् स्वप्नाची झोप तेवढी मिनिटं असं जे तो सांगतो ते मी अंदाजच समजतो, पण झोपलो कधी, उठलो कधी, एकूण किती, हे घरात झोपलो असलो तर बऱ्यापैकी बरोबर येते.

घरात झोपलो असलो तर, हे मी मुद्दाम लिहिलं. कारण जागलीच्या रात्री बँड पार फसतो. तूर शेंगांवर आली की आम्ही मचाणावर जातो, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी अन् वाजवायला डबा. डिसेंबरची थंडी, दुलई अंगावर घेऊन निपचित पडून राहायचं अन् कान वावरात, कुठं खसखस वाजली की डबा बडवायचा अन् हाकारे घालायचे. अर्धी रात्र असा डोळे उघडे ठेवून पडलो, अन् सकाळी ॲप उघडलं तर सहा तास झोप, ॲप झोपेला देते ते मार्क पण चांगले! अंग हललं नाही, ठोके खाली, त्याच्या हिशोबानं माणूस झोपला. ओलिताच्या रात्रीचं उलटं होते. आठ वाजता झोपून बाराला उठलो, पाइप बदलले, पहाटे चारला येऊन परत दोन तास झोपलो, तर माझा बँड त्यातला एकच मोठा तुकडा मुख्य झोप म्हणून धरायचा अन् दुसरा कधी धरायचा कधी नाही. दुपारची वीस मिनिटांची डुलकी तर त्याला दिसतच नाही. हे यंत्र रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या माणसासाठी बनलेलं आहे, त्याचे मार्क आपल्याला लागू होत नाहीत हे ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी आधीच समजून घ्यावं, नाहीतर रोज सकाळी लाल आकडा पाहून उगाच मन खराब होते.

मग मी काय केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली बारीक अक्षरात लिहायला लागलो. रातची लाईन असली की "रा", जागल असली की "जा", अन् खाली मी स्वतः धरलेले झोपेचे तास. बँडचा आकडा अन् माझा आकडा शेजारी-शेजारी. अन् एका रात्रीकडे पाहायचं नाही, आठवड्याची बेरीज पाहायची. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप पाहिजे असं डॉक्टर सांगतात, म्हणजे आठवड्याचे एकोणपन्नास. दिवसाच्या लाईनच्या आठवड्यात मी त्याच्या जवळपास जायचो. रात्रीची लाईन अन् जागल एकत्र आली की बेरीज तिशीच्या आसपास. हा फरक मला अंगात जाणवत होता पण कागदावर पहिल्यांदा दिसला.

अन् त्याहून खरा आकडा मला वाटतो तो म्हणजे आरामातले ठोके, ॲपमध्ये रेस्टिंग हार्ट रेट असतो तो. साधारण मिनिटाला साठ ते शंभरच्या आत असला तर नॉर्मल धरतात, पण शंभरच्या आत आहे एवढं पाहून भागत नाही, आपला स्वतःचा नेहमीचा किती ते पाहायचं. माझा नेहमी चौसष्टच्या आसपास राहतो. रात्रीच्या लाईनचा आठवडा संपत आला की एकाहत्तर-बाहत्तरवर जातो अन् दोन-तीन रात्री नीट झोपलो की परत खाली. तापाची कणकण असली तरी हा आकडा चढतो, म्हणून नुसत्या या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, पण झोपेशी त्याचं नातं मी माझ्या कॅलेंडरवर इतक्यांदा पाहिलं की आता तोच आकडा आधी पाहतो.

हे सगळं चालू असताना बायको म्हणाली, मले लावून द्या एकदा, पाहू माही किती होते. मला वाटलं ती घरातच झोपते, तिची माझ्यापेक्षा बरीच होत असणार. रात्रीच्या लाईनच्या आठवड्यातच तिच्या हाताला बांधला. आकडे पाहून मी गपगार झालो. तिची झोप माझ्याहून कमी होती. मी बाराला उठायचो तेव्हा ती उठायची, चहा करून द्यायची, मी गेल्यावर बँडमध्ये तास-दीड तास नुसती जाग दिसायची, चारला मी आलो की दार उघडायला परत जाग, अन् पाचला तर तिचा दिवसच सुरू, झाडझूड, पाणी, पोरांचे डबे, अन् नऊला पऱ्हाटी, म्हणजे कापूस, वेचायला वावरात. मी निदान दुपारी बाजेवर आडवा तरी होतो, ती तेवढंही नाही. विचारलं तर म्हणाली, "तुमी गेले का मंग मले झोप लागतेच कुठं. अंधारात विहीर, साप, स्टार्टरले करंट, तेच येते डोक्यात." एवढ्या वर्षांत हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तिच्या वेचणीचं पण त्यातच समजलं. अख्खा दिवस कापूस वेचून पावलं जेमतेम पाच हजार, कारण वेचताना माणूस एका ओळीत पाऊल-पाऊल सरकतो, हातच चालतात. पण ठोके पहा तर दिवसभर शंभरच्या वर, अन् कमरेला बांधलेला कापसाचा भार तर बँडला माहीतच नाही. उलट मी फुटलेल्या रस्त्यानं मोटरसायकलवर तालुक्याला जाऊन आलो की बसल्या-बसल्या पावलं जमा. दहा हजार पावलांचा जो आकडा सगळे धरून बसतात तो पण काही वैद्यकशास्त्रातून निघालेला नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आणलं त्याच्या नावातच तो आकडा होता, तिथून तो जगभर चिकटला. मी ते टार्गेट ॲपमधून बंदच करून टाकलं.

आता बदल काय केले ते सांगतो. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच गाढ झोप जास्त असते, हे डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून रात्रीची लाईन असली की सात वाजता जेवण अन् आठच्या आत अंथरुणात, टीव्ही नाही, मोबाइल नाही, म्हणजे उठायच्या आधी चार तास तरी सलग पदरात पडतात. आधी दहापर्यंत पारावर बसणं व्हायचं, ते त्या आठवड्यात बंद. बाराचा चहा बंद केला, त्यातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात राहते, मग चारला येऊन झोप लागणार कशी. लाईन आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच आधीपासून आहे, पण आधी मी स्प्रिंकलरजवळ बसून राहायचो, आता पाइप बदलायची वेळ ठरवून बँडवर अलार्म लावतो, तो आवाज न करता मनगटावरच थरथरतो, घरातलं दुसरं कोणी उठत नाही. बायको उठत नाही हे सगळ्यात मोठं. बाहेरच्या खोलीत झोपतो, दाराची किल्ली माझ्याजवळ, अन् वावरात पोचलो की अन् मोटार चालू झाली की तिच्या फोनवर एक मिस कॉल द्यायचं ठरवून पाहिलं, पण त्यानं ती जागीच राहायची, म्हणून आता शेजारच्या वावरवाल्यासोबत जोडीनं जातो. दोघं असतो हे तिला माहीत असते, तेवढ्यानं तिची मधली जाग अर्ध्यावर आली, ते बँडवर पण दिसलं अन् तिच्या चेहऱ्यावर पण. जागलीची पण चार वावरवाल्यांनी पाळी बांधली, रोज सगळ्यांनी जागण्यापेक्षा दोघांनी चारही वावरं पाहायची.

माझी आठवड्याची बेरीज तिशीवरून चाळिशीच्या आसपास आली. एकोणपन्नास नाही होत, रातची लाईन आहे तोवर होणारही नाही. सौर पंपाचा अर्ज भरलेला आहे, २०२४ ला मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली त्यात, आपला १० टक्के हिस्सा पण भरून झाला. दिवसा ओलीत झालं तर बँडपेक्षा मोठा इलाज तोच आहे असं मला मनापासून वाटते.

बँड पाहून गावातल्या बऱ्याच जणांनी घड्याळं घेतली, त्याबद्दल एक कळकळीनं सांगायचं आहे. बाजारात पाचशे-सातशेला बीपी अन् शुगर दाखवणारी घड्याळं मिळतात. एकाचं घड्याळ आम्ही गुंडाळलेल्या टॉवेलला बांधून पाहिलं, त्यानं टॉवेलचंही बीपी दाखवलं. सुई न टोचता शुगर सांगणाऱ्या घड्याळांवर अन् अंगठ्यांवर विसंबू नका असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला आहे. आमच्या बाबांना बीपीची गोळी आहे, त्यांचं बीपी आम्ही उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधूनच मोजतो अन् गोळी कमी-जास्त डॉक्टरला विचारूनच. घड्याळात बीपी चांगलं दिसलं म्हणून कोणी गोळी सोडू नका, हात जोडून सांगतो.

फवारणीला जाताना बँड घरी काढून ठेवायचा. पट्ट्याखाली औषध अन् घाम अडकून राहते अन् कातडीला लागून राहते, अन् २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात किती घरं उघडी पडली ते आम्ही पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात मात्र मी तो काढत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, वखरणी-काडीकचरा वेचणं सकाळीच आटोपतो, तरी दहाच्या पुढं ठोके एकशे चाळीसच्या वर गेले अन् सावलीत बसून पाणी पिऊनही दहा मिनिटांत उतरले नाहीत की त्या दिवशीचं काम तिथंच थांबवतो. ठोके ठीक दिसले पण चक्कर किंवा मळमळ वाटली तरी थांबायचं, तेव्हा बँडचं ऐकायचं नाही.

पट्टा रोज साध्या पाण्यानं धुवून पुसून मगच घालतो, आधी घामोळ्यासारखं लाल झालं होतं ते त्यानं गेलं. अन् वेचणी सुरू व्हायच्या आत बायकोसाठी दुसरा बँड घेणार आहे, एकाच बँडची अदलाबदल केली की दोघांचाही डेटा एकमेकात मिसळतो.