पैसा येतो, मग गाव का सुधारत नाही?

व्याख्यान संपलं की कुणीतरी उठून विचारतंच. लग्नाच्या पंगतीतही विचारतात. "मॅडम, नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठची माणसं दर हंगामाला दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत राबतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार बिहारला पैसे पाठवतात. एवढा पैसा जातो, तरी ती गावं आहेत तिथंच. तुम्ही इतकी वर्षं अभ्यास करून शोधलंत काय?" विचारलंतच, तर एकदा नीट सांगते.

प्रश्न बिनबुडाचा नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या राल्फ चामी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अनेक देशांचे आकडे तपासून दाखवलं, की घरी येणारा पैसा आणि आर्थिक वाढ उलट्या दिशेने चालतात. विद्यार्थी असताना मला ते पुरतं पटलं होतं. घर, लग्न, किराणा हे सगळं मी प्रबंधात 'अनुत्पादक खर्च' या रकान्यात टाकलं. पुढे ॲडम्स आणि पेज या अर्थतज्ज्ञांचा २००५चा अभ्यास वाचला. त्यात ७१ विकसनशील देश होते. बाहेरून येणारी दरडोई रक्कम १० टक्क्यांनी वाढली, तर गरिबांचं प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांनी घटतं, असं त्यांना आढळलं. दोन्ही खरं असू शकतं. घर अडचणीत आलं की पैसा जास्त येतो. भाताचं पीक बुडालं म्हणून पैसा आला; पैसा आला म्हणून पीक बुडालं, असं नाही. अडचणीत पैसा आटत नाही, हे कोरोनातही दिसलं. २०२०च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेचा अंदाज होता, की भारतात परदेशातून येणारी रक्कम २३ टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात घट झाली जेमतेम ०.२ टक्के.

पण माझं मत या आकड्यांनी बदललं नाही. ते सुरगाणा तालुक्यातल्या एका घरात बदललं.

पावसाळ्याचे दिवस होते. ओसरीवर बसून मी प्रश्नावली भरत होते. घरधनी दर वर्षी दिवाळीनंतर निफाडकडे जायचा आणि द्राक्षांचा खुडा संपला की परतायचा. मी विचारलं, "गेल्या हंगामात घरी किती पैसे आले?" बाई म्हणाली, "काही नाही आलं, ताई." मी शून्य लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. नवरा दारू पितो का, हेही विचारून झालं. तिला ते लागलं. उठून आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची बिलं घेऊन आली. श्रावणात धाकट्या मुलीला निमोनिया झाला होता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून पुढच्या मजुरीपोटी वीस हजारांची उचल घेतली, ती सगळी नाशिकच्या दवाखान्यात गेली. मग नवऱ्याने अख्खा हंगाम ती फेडली. मुलगी दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. "हिच्यावर गेले पैसे," बाई म्हणाली, "आता लिहा."

माझ्या कागदावर त्या पैशाला जागाच नव्हती. पैसा माणसाच्या आधी घरी आला होता, माणूस मागून गेला आणि रिकाम्या हाताने परतला. जिल्ह्याच्या उत्पन्नात ती मुलगी कुठेच दिसत नाही. तिच्या औषधांना अनुत्पादक म्हणायचं असेल, तर माझी हरकत आहे, आणि ती मी मोठ्याने नोंदवते.

मला उलट बोलायला येणारे म्हणतात, मॅडम भावुक झाल्या. झाले असेन. पण 'गाव सुधारलं' म्हणजे तुम्हाला काय दिसायला हवं? दुकानं, ट्रॅक्टर, पक्की घरं? त्यासाठी पाणी लागतं, रस्ता लागतो, श्रावणात रास्त व्याजाने कर्ज देणारी सोसायटी लागते. सुरगाण्यात पाऊस भरपूर पडतो, तरी उन्हाळ्यात बायका हंड्यासाठी वणवण फिरतात. ही कामं सरकारची आहेत. ती बागेत डिपिंग करणाऱ्या, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवणाऱ्या मजुराच्या मजुरीतून व्हावीत, ही अपेक्षाच मला चीड आणते.

तरी एक गोष्ट माझी मलाच सुटत नाही. उचल घरी आलेली रक्कम म्हणून मोजली, तर माणसाला हंगामभर बांधून ठेवणारा मुकादम कागदावर उपकारकर्ता ठरतो. कर्ज म्हणून मोजली, तर मुलीचा वाचलेला जीव हिशेबातून गळतो. प्रबंध लिहिणारी मी म्हणाले असते, कर्जच. नव्या प्रश्नावलीत मी दोन वेगळे रकाने केलेत आणि बेरीज कशी करायची, यावर माझं सहकाऱ्यांशी अजून भांडण चालू आहे.