चमच्यांचा हिशेब

सत्यनारायणाच्या प्रसादासाठी आणून ठेवलेले शंभर लाकडी चमचे आदल्या दिवशी दुपारी जागेवर नव्हते. २०२२ साली प्लास्टिकचे बंद झाले, तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या बाजारात आईस्क्रीमच्या कपाबरोबर देतात तसले चपटे चमचे मिळतात. शिरा खाताना जिभेला लाकूड लागतं, पण इलाज नाही. फडताळ पाहिलं, फ्रिजवरची टोपली पाहिली, देवघराखालचा कप्पा पाहिला. बाहेर श्रावणातला पाऊस एक सर टाकून, ऊन दाखवून, पुन्हा दुसरी सर टाकत होता. पुडकं काही सापडेना.

सुट्टीला आलेला भाचा सोफ्यावर आडवा होता. मोबाइलवरून डोळे न काढता म्हणाला, "मावशे, ते हांवें व्हेल्ले."

"खंय?"

"पणजे. सिनेमाक."

सिनेमाला शंभर चमचे नेऊन माणूस खातो तरी काय, हा माझा पहिला प्रश्न. खात नाहीत, फेकतात, हे त्याचं उत्तर. पणजीत कुणा मित्राच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पांढरी चादर लावून पंचवीस-तीस पोरांनी एक अमेरिकन सिनेमा पाहिला. नाव 'द रूम'. त्यातल्या दिवाणखान्यात एका फ्रेममध्ये चक्क चमच्याचा फोटो आहे. दुकानातून फ्रेम आणली, आतला नमुन्याचा फोटो काढलाच नाही, तशीच मांडली. जगभर जिथं जिथं हा सिनेमा दाखवतात तिथं ती फ्रेम दिसली की प्रेक्षक पडद्यावर चमचे भिरकावतात. प्लास्टिकचे. "लाकडी बरे उडनात," अशी तक्रारही त्यानं वर केली. दोन रांगांपलीकडे जात नाहीत म्हणे.

मग तो उठूनच बसला. सिनेमा २००३ सालचा, लॉस एंजेलिसचा. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक एकच, टॉमी वायझो. खर्च साठ लाख डॉलर, पहिल्या दोन आठवड्यांची कमाई अठराशे. भर रस्त्यावर स्वतःच्या चेहऱ्याचा जाहिरातफलक त्यानं पाच वर्षं लावून ठेवला होता. एकच दृश्य फिल्मवर आणि डिजिटलवर एकाच वेळी टिपायला दोन कॅमेरे शेजारी शेजारी बांधले होते. का, ते त्यालाच ठाऊक. नायिकेची आई बोलता बोलता सांगते की मला कर्करोग झालाय. मुलगी म्हणते, होशील बरी. त्यानंतर सिनेमा संपेपर्यंत त्या कर्करोगाचं नाव कुणी काढत नाही. मी म्हटलं, हे तर आमच्या घरातही होतं. तो हसला नाही.

लॅपटॉपवर लाव म्हटलं. बघितला वीस मिनिटं. सहन होईना. माणसं दारातून येतात, "ओह हाय" म्हणतात, काहीतरी बोलतात आणि निघून जातात. शेजारच्या काकी वाटी परत द्यायला येतात तेव्हाही याहून जास्त घडतं. भाचा म्हणाला, "एकट्यान पळोवपाचो न्हय गो तो."

एकट्यानं बघायचा सिनेमाच नव्हे तो, हे मात्र मला पटलं. आणि लगेच इफ्फी आठवली, आमच्याकडचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव.

२००४ पासून इफ्फी गोव्यात आली, तेव्हापासून दर नोव्हेंबरला मी गळ्यात कार्ड अडकवून जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, आवारात रांगेत उभी असते. तिथं सिनेमा पाहायची एक शिस्त आहे. खोकायचं नाही. शेजारी घोरला तरी त्याच्या झोपेचा मान राखायचा. एकदा पडद्यावर एक म्हातारा इतका वेळ खिडकीबाहेर बघत राहिला की मला वाटलं प्रोजेक्टर अडकला. तीनशे माणसांपैकी प्रत्येकाला तेच वाटलं असणार, पण कुणी हूं की चूं केलं नाही. मी पर्समधली शेंगदाण्याची पुडी उघडली, तर पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवून असं पाहिलं की मी ती पुडी दोन तास अर्धी उघडी धरून बसले. सिनेमा चांगला होता असं नंतर सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

याच्या उलट आमची आजी. चवथीला वाड्यावर वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे, एका रात्रीत तीन सिनेमे. मधला हमखास भुताचा. रामसेंचा 'पुराना मंदिर' १९८४ चा. तो आमच्या अंगणात पुढच्याच चवथीला आला आणि त्यानंतर दोन वर्षं पुन्हा आला, कारण लोकांना तोच हवा होता. आजीला हिंदी येत नव्हतं. नायिका हातात मेणबत्ती घेऊन तळघराकडे निघाली की आजी मोठ्यानं, "अगो, वचूं नाका गो थंय!" नायिका जायचीच. मग आजी, "वच तर. मर." तिसऱ्या वर्षी सगळं अंगणच "वचूं नाका" म्हणून ओरडलं आणि आजीनं एकटीनं शेवटचं "मर" म्हटलं. भुताला पाहून कुणी घाबरलं असेल असं मला आठवत नाही. माझ्या एका काकानं त्याच्या दातांचा हिशेब मांडला होता, वरचे इतके, खालचे इतके, आणि प्रत्येक प्रसंगात ते कमी-जास्त होतात हे तो सिद्ध करून दाखवायचा.

म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांनी १९७६ मध्ये 'रॉकी हॉरर पिक्चर शो' मध्यरात्री दाखवायला घेतला आणि पडद्याशी बोलायची पद्धत पडली, असं भाचा सांगतो, ते तिकडचं झालं. त्या सिनेमाचीही गंमत आहे. १९७५ साली तो आला आणि पडला. मग रात्रीच्या खेळांना तीच तीच माणसं येऊ लागली. नायिका पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालते, तर कुणीतरी ओरडलं, छत्री घे की बाई! पुढच्या खेळाला तो ओरडा ठरून गेला. मग लोक स्वतःच वर्तमानपत्रं आणून डोक्यावर धरायला लागले, मागचे पाण्याच्या पिचकाऱ्या मारायला लागले, आणि सुरुवातीला लग्न आहे तिथं तांदूळ फेकायला लागले. म्युनिकच्या एका थिएटरात तो १९७७ पासून चालूच आहे. तांदळाचं ऐकून मला बरं वाटलं. अक्षता टाकायला माणसाला निमित्त लागतं. आमच्याकडेही मंगलाष्टकांच्या वेळी निम्म्या अक्षता फोटोग्राफरलाच लागतात.

आता खरं सांगायचं ते शिंप्याचं.

आमच्या वाड्यावर जत्रेला नाटक व्हायचं, अजून होतं. एक वर्ष 'अभिमन्यूवध' घेतलं. अभिमन्यू सोळा वर्षांचा. भूमिका मिळाली वाड्यावरच्या शिंप्याला, वय पंचेचाळीस, पोट वेगळं. कारण सरळ होतं. उत्तरेचं काम करायला बाहेरून नटी आणायची होती, तिची बिदागी त्यानं एकट्यानं भरली. शिवाय सगळ्यांचे अंगरखे त्यानं फुकट शिवले, कौरवांचेसुद्धा. त्याचा स्वतःचा अंगरखा मोरपिशी, त्यावर इतकी टिकली की हॅलोजनखाली बघवत नव्हतं. तीन महिने तो मशीनवर पाय मारता मारता भाषणं पाठ करत होता. गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला आलं की आधी चक्रव्यूहाचा एक फेरा ऐकायचं.

आमच्याकडे नाटक रंगात आलं की लोक बक्षिसं देतात. चिठ्ठी विंगेत जाते, माइकवरून नाव पुकारतात, नट पुढं येऊन नोट घेतो, नमस्कार करतो, नाटक पुढं चालू. तर अभिमन्यू पडला. रीतसर पडला, रथाचं चाक हातातून सुटलं, आईला हाक मारून झाली, डोळे मिटले. जयद्रथ, म्हणजे आमचा भाताच्या गिरणीवाला, त्याला लाथ मारायला पाय उचलून उभा. आणि माइकवरून आवाज: "अभिमन्यूच्या भूमिकेवर खूश होऊन अमक्यातमक्यांकडून रोख अकरा रुपये." क्षणभर शांतता. मग मागून कोणीतरी, "अरे उठ रे, बक्षीस आयलां!"

शिंपी उठला. टिकल्या झटकल्या, पुढं आला, नोट घेतली, कपाळाला लावली, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, परत गेला आणि झोपला. फक्त आता डोकं होतं तिकडं पाय आणि पाय होते तिकडं डोकं. जयद्रथाचा पाय तेवढा वेळ हवेतच. त्यानं दोन्ही टोकांकडे पाहिलं, विचार केला, आणि वळसा घालून पलीकडे गेला.

मी तेव्हा नऊ वर्षांची. त्या रात्री जे हसले तसं नंतर हसले असेन, पण इतक्या माणसांबरोबर नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.

पुढच्या वर्षी लोकांनीच मागणी केली, तेच नाटक लावा. आणि बक्षिसं दाबून ठेवली. द्रोणाच्या भाषणाला काही नाही, उत्तरेच्या रडण्याला काही नाही. अभिमन्यू पडल्यावर धडाधड सात चिठ्ठ्या. सातदा उठला, सातदा मेला. प्रत्येक वेळी मात्र अगदी मनापासून मेला, आईची हाक पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या वाड्यांवरून माणसं आली होती. खाजेवाल्याची टोपली दुसऱ्या अंकातच रिकामी.

मला रंगपटात चहा घेऊन पाठवलं होतं. शिंपी पत्र्याच्या पेटीवर बसून खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होता. डोळ्याखालचा काळा रंग गालापर्यंत ओघळलेला. तो तेलानं की आणखी कशानं, मला त्या वयात कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. कप घेताना म्हणाला, "बरो मेलों न्हय गो हांव?" मी म्हटलं, "व्हय." खोटं नव्हतं ते.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मावशे, टॉमी वायझोचं हेच. गंभीर नाटक म्हणून काढलेला सिनेमा लोक पोट धरून हसत बघतात म्हटल्यावर तो म्हणू लागला की ही ठरवूनच केलेली काळी विनोदिका आहे. आता स्वतः खेळांना हजर राहतो, लोकांबरोबर फोटो काढून घेतो. मला ते मुळीच आवडलं नाही. त्यानं शेवटपर्यंत, नाही, हे दुःखाचंच आहे, असं म्हणायला हवं होतं. पण चमचे मला लागत नव्हते, त्याला लागत होते, तेव्हा मी कोण बोलणारी.

मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे तर मी पाच मिनिटं बघू शकत नाही. भाचा हल्लीची काही नावं सांगतो, जाणूनबुजून रबरी शार्क वगैरे. त्यात काही राम नाही. एड वुड नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकानं 'प्लॅन नाइन' काढला तेव्हा त्यातला नट बेला लुगोसी आधीच, १९५६ मध्ये, वारलेला. उरलेल्या दृश्यांत वुडनं आपल्या बायकोची हाडं बसवणारा डॉक्टर उभा केला, तोंडावर झगा धरून. तो लुगोसीहून उंच, दिसायला वेगळा. चालून जाईल, असं त्याला खरोखर वाटलं. १९८० साली एका पुस्तकानं तो जगातला सर्वांत वाईट सिनेमा ठरवला, तोवर वुड या जगात नव्हता. आमच्याकडे कृष्णाला ऐनवेळी ताप भरला तेव्हा प्रॉम्प्टरलाच मुकुट घालून उभा केला होता. एका हातात सुदर्शन, दुसऱ्यात वही. चश्म्याशिवाय त्याला वाचता येईना, म्हणून चश्मा. चालून गेलंच की.

तिसऱ्या वर्षी पुन्हा 'अभिमन्यूवध'. या खेपेला शिंप्यानं तयारी केली होती. पडल्यावर चिठ्ठी यायच्या आधीच त्यानं एक डोळा उघडून विंगेकडे पाहिलं. उठताना कमरेवर हात ठेवून कण्हला. दुसऱ्यांदा उठला तेव्हा नोट उजेडात धरून खरी आहे का ते पाहिलं. तिसऱ्यांदा आपणहून उलटा झोपला आणि जयद्रथाला, या बाजूने ये, अशी खूण केली. पुढच्या रांगेतली पोरं हसली. मागं काही बाया उठून दिवजांच्या, म्हणजे जत्रेतल्या दिव्यांच्या, दिशेनं निघाल्या. चौथी चिठ्ठी आलीच नाही. जयद्रथानं लाथ मारून टाकली.

मी चहा घेऊन गेले तेव्हा तो अजून अंगरखा घालूनच बसला होता. टिकल्या गळून पायाशी पडल्या होत्या. तेलाची बाटली उघडलेली नव्हती.

"आयज लोक हांसलो ना न्हय गो?"

मी म्हटलं, "च्या निवता."