लेआऊटच्या पत्त्यापर्यंत १०८ आणताना : माझा अनुभव

नागपुरातून रुग्णवाहिकेसाठी १०८ लावला की फोन उचलला जातो पुण्याला, औंधच्या प्रतिसाद केंद्रात. हे ठाऊक असलं की माणूस वेगळं बोलतो. पलीकडच्याला दिघोरी नाका कुठे, उमरेड रोड कुठे जातो, आपलं घर त्या रोडपासून किती आत, यातलं काही डोळ्यांपुढे नसतं. त्याच्या पडद्यावर जिल्हा, तालुका, गाव आणि जवळची खूण एवढंच भरायचं असतं. ते भरलं की जवळची मोकळी गाडी निवडली जाते, तिच्या पायलटला, म्हणजे चालकाला, निरोप जातो आणि मग गाडीतला डॉक्टर किंवा पायलट आपल्याला फोन करतो. इथपर्यंत सगळं झपाट्याने होतं. आमच्याकडेही झालं.

आमचं लेआऊट, म्हणजे शेतजमिनीवर प्लॉट पाडून झालेली वस्ती, उमरेड रोडवर, आउटर रिंग रोडच्या पलीकडे. शेजारच्या काकांचं तोंड जेवताना वाकडं झालं, उजव्या हातातला घास खाली पडला. काकू घाबरून मला हाक मारत आल्या. मी घड्याळ बघितलं आणि फोन लावला. अर्धांगवायूत वेळ लिहून ठेवावी लागते, कारण रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. आमचे हे बुटीबोरीला रात्रपाळीवर होते, काकांचा मुलगा पुण्यात. गल्लीत आम्ही बायकाच.

थोड्याच वेळात पायलटचा फोन आला. "ताई, पंपापाशी आलो, आता कोणीकडं वळू?" मी सांगितलं. तरी गाडी येईना. पुन्हा फोन. तो म्हणाला, "प्लॉट नंबर तोच हाय, पण घराला तं कुलूप हाय." गाडी शेजारच्या लेआऊटमधल्या त्याच नंबरच्या प्लॉटसमोर उभी होती.

यात दोष त्या पायलटचा अजिबात नव्हता. नागपूरच्या बाहेरच्या पट्ट्यात ज्यांनी प्लॉट घेतले त्यांना हे लगेच कळेल. एक गृहनिर्माण संस्था शेतजमिनी घेते आणि त्यावर लेआऊट क्रमांक एक, दोन, तीन असे पाडत जाते. नाव एकच. प्रत्येक लेआऊटमध्ये प्लॉट नंबर पुन्हा एकपासून सुरू. रजिस्ट्रीत खसरा नंबर, पटवारी हलका नंबर, मौजा सगळं बिनचूक असतं, पण रात्री अंधारात खसरा नंबर विचारून कोणी कुठे पोचत नाही. आमच्याकडे रस्त्याला नाव नाही, चौकाला नाव नाही. "डीपीच्या बाजूची गल्ली" हाच पत्ता, आणि डीपी तर प्रत्येक लेआऊटला आहे. शेवटी समोरच्या घरातला पोरगा मोटरसायकलवर जाऊन गाडीला घेऊन आला.

काका मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, वेळेत पोचले. आज काठी घेऊन का होईना, चालतात. कॅज्युअल्टीत कागद सोपवून झाल्यावर गाडीतले डॉक्टर बाहेर हात धूत होते, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं की सर, असं नेहमी होतं का? ते म्हणाले, "रोडपर्यंत आम्ही वेळेत येतो. वेळ जातो तो आतल्या एक-दीड किलोमीटरमध्ये. रात्री विचारायला रस्त्यावर माणूसच नसतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मात्र ते वाक्य घेऊनच घरी आले आणि त्यानंतरचे कितीतरी महिने त्याच्याच मागे लागले.

पुढच्या रविवारी लेआऊटची बैठक झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, आमदारसाहेबांना निवेदन देऊ आणि इथे कायमची एक रुग्णवाहिका मागू. भावना खरी होती. निधीही असतो. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी मिळतात, खासदारालाही ५ कोटी, आणि त्यातून रुग्णवाहिका घेता येते. पण मी विचारलं, गाडी आल्यावर चालवणार कोण? चोवीस तास चालवायची तर पाळीने पायलट लागतात, पाळीने डॉक्टर लागतात, कोणी सुटीवर गेला तर बदली लागतो. डिझेल, टायर, विमा, ऑक्सिजनचं सिलिंडर पुन्हा भरणं, हे दर महिन्याचं. खासदार निधीत असा आवर्ती खर्च बसतच नाही. फीत कापायला सगळे येतील, पण दुसऱ्या वर्षीचं डिझेल कोणाच्या हेडखाली? बैठकीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एका काकांनी विचारलं, "मग १०८ चं डिझेल कोण देतं, ते तरी सांग."

ते मी शोधून काढलं. राज्यातली १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनी. २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे अत्यवस्थ रुग्णांसाठी जास्त उपकरणं असलेल्या, ७०४ मूलभूत जीवरक्षक, प्रत्येक गाडीत डॉक्टर, रुग्णाला सगळं मोफत. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि राज्य सरकार मिळून घालतात. अभियानाने अशा सेवांसाठी जी रचना ठरवली होती तिच्यात गाडी घेण्याचा खर्च केंद्राकडे होता. चालवण्याच्या खर्चात केंद्राचा वाटा पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ४० आणि पुढे २० टक्के. म्हणजे गाडी जितकी जुनी होईल, दुरुस्ती जितकी वाढेल, तितका राज्याच्या तिजोरीवर भार वाढत जाणार. हे आकडे वाचले तेव्हा आपल्या गल्लीपुरता विचार किती अपुरा आहे हे लख्ख दिसलं. एक जादा गाडी मागणं सोपं आहे. ती दहा वर्षं रस्त्यावर ठेवणं हाच खरा खर्च.

अभियानाचा लोकसंख्येचा निकषही आहे. एक लाख लोकांमागे एक मूलभूत गाडी, पाच लाखांमागे एक प्रगत गाडी. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसेहेचाळीस लाखांच्या वर होती. म्हणजे त्याच हिशेबाने ४६ मूलभूत आणि ९ प्रगत गाड्या हव्यात, आणि २०११ नंतर आउटर रिंग रोडच्या दोन्ही बाजूंना किती वस्ती वाढली ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. त्या जनगणनेच्या वेळी आमच्या लेआऊटच्या जागी तूर होती. २०२४ मध्ये राज्याने १०८ चा जो नवा करार केला त्यात १,७५६ वाहनं धरली आहेत. २५५ प्रगत, १,२७४ मूलभूत, ३६ नवजात बालकांसाठी, १६६ दुचाकी, २५ बोटी. आकडा मोठा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण गाड्या वाढल्या तरी त्या उभ्या कुठे राहणार, हा प्रश्न लोकांनी विचारावा लागतो. तो आपोआप सुटत नाही.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला. दोनच प्रश्न ठेवले. आमच्या गावाला सर्वांत जवळची १०८ गाडी कुठे उभी असते, आणि ती जागा कोणत्या आधारावर ठरवली? दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि पोच घेतली. कायद्याने उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं ते एवढंच की विषय आमच्याकडचा नाही, कलम ६(३) प्रमाणे दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला आहे. त्या दुसऱ्या कार्यालयात मी स्वतः गेले. तिथल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, मॅडम, हे १०२ चं आहे का १०८ चं? हा प्रश्न त्यांनाही पडत असेल तर लोकांना पडणारच, म्हणून इथे लिहून ठेवते. १०२ ची गाडी प्राथमिक आरोग्य केंद्राची, मुख्यतः गरोदर बाया आणि लहान बाळांसाठी. १०८ ची गाडी राज्याच्या आपत्कालीन सेवेची, अपघात, हृदयविकार, अर्धांगवायू, सर्पदंश अशा सगळ्यांसाठी. आणि ११२ मुख्यतः पोलिसांचा क्रमांक असला तरी त्यावर सांगितलेला आजारपणाचा कॉलही पुढे पाठवला जातो.

उत्तर यायला मला प्रथम अपील करावं लागलं. वीस रुपयांचं तिकीट, साध्या कागदावर चार ओळी. अपील केल्यावर मात्र कागद हलला. सुनावणीला जे अधिकारी होते त्यांनी नीट ऐकून घेतलं, नकाशा मागवला. तेव्हा कळलं, गाडी रोडपासून लांब एका रुग्णालयाच्या आवारात उभी राहते, कारण तिथे रात्री पायलट आणि डॉक्टरांना बसायला खोली आहे, संडास आहे, चार्जिंगला वीज आहे. कारण अगदी रास्त होतं. माणसं बारा-बारा तास उघड्यावर गाडीत बसून राहतील अशी अपेक्षा कोणी करू नये.

याच काळात तंत्रज्ञानाचं गणितही उमगत गेलं. गाड्यांमध्ये जीपीएस आहे, त्यामुळे गाडी कुठे आहे ते केंद्राला दिसतं. अडतं ते फोन करणाऱ्याच्या ठिकाणावर. साध्या कॉलमधून टॉवरचा अंदाज मिळतो आणि शहराबाहेर टॉवर दूरदूर असले की तो अंदाज कित्येकशे मीटरने, कधी त्याहून जास्त चुकतो. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटन आणि २०१८ पासून जीपीएस असणं बंधनकारक आहे. स्मार्टफोनवर पॉवर बटन झटपट तीनदा दाबलं की ११२ ला कॉल जावा, अशी त्यातली तरतूद आहे. काकूंच्या फोनवर आम्ही ते बघून, लावून ठेवलं. पण फोनमधली ती नेमकी खूण गाडीतल्या माणसाच्या हातात पोचली तरच उपयोग. तोवर तो विचारणार, कोणीकडं वळू?

म्हणून शेवटी आम्ही पत्त्यावरच काम केलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडला की प्रत्येक लेआऊटच्या तोंडाशी आणि आतल्या प्रत्येक फाट्यावर रात्री चमकणारी पाटी हवी. पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून हे गावच्या आराखड्यात घेता येत होतं. ग्रामसेवक म्हणाले, आधी अंदाजपत्रक द्या. लेआऊटमधल्या एका आर्किटेक्ट मुलीने ते करून दिलं. सरपंचताईंनी ठराव घेतला. विरोध एकाच मुद्द्यावर झाला, पाटीवर संस्थेचं नाव आधी की गावाचं. गावाचं आधी ठेवलं, कारण पुण्याच्या पडद्यावर गावच आधी विचारतात.

पाटीचा मजकूर मी त्याच १०८ च्या पायलटकडून तपासून घेतला. आम्ही त्यात प्लस कोड घातला होता, म्हणजे नकाशावरचा साधारण १४ मीटर बाय १४ मीटरचा चौकोन दाखवणारा अक्षर-आकड्यांचा संकेत. तो म्हणाला, "कोड राहू द्या ताई, पण फोनवर जी का सी ते कळत नाही. वर मोठ्या अक्षरात लिवा, पंपापासून तिसरा डावा फाटा." तेच लिहिलं. आता सगळ्यात वर मौजा, त्याखाली लेआऊट क्रमांक ठळक, त्याखाली "पंपापासून तिसरा डावा फाटा", मग या फाट्यावरचे प्लॉट कोणते ते, आणि खाली कोपऱ्यात कोड. प्लॉट नंबरच्या आधी लेआऊटचा आकडा जोडला, म्हणजे दुसऱ्या लेआऊटमधला एक्केचाळीस आता २/४१ झाला. घराघरांच्या फाटकावर लोकांनी स्वतः रंगवून घेतला. ज्यांच्याकडे म्हातारी माणसं आहेत त्यांच्या फ्रिजवर एक कागदही लावला. फोनवर कोणत्या क्रमाने काय सांगायचं ते, शिवाय चालू असलेली औषधं, ॲलर्जी आणि मुलांचे नंबर.

पाट्या लागल्यावर गल्लीतल्या एका सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या. १०२ ची गाडी एकही फोन न करता थेट फाटकाशी आली आणि डागा रुग्णालयात तिला मुलगी झाली.

गाडी रोडलगत उभी करायची मागणी मात्र अजून अडून आहे. चौकातल्या ग्रामपंचायतीच्या जुन्या सभागृहात एक खोली, संडास आणि वीज देण्याचा ठराव आम्ही केलाय, म्हणजे पायलट आणि डॉक्टरांना रात्री बसायची सोय होईल. त्याची प्रत जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली आहे. पोच माझ्या फाइलीत आहे. पुढच्या आठवड्यात पाठपुराव्याला जाणार आहे आणि या वेळी शेजारच्या तीन लेआऊटच्या बायाही सोबत येताहेत. त्यांच्याकडेही प्लॉट नंबर एकपासूनच सुरू होतात.