पाकिस्तानचं राजकारण, व्हाया दुबई

दुबईत नोकरीला आलात की पाकिस्तान टीव्हीतनं उठतो आणि शेजारच्या खुर्चीत येऊन बसतो. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला लाहोरचा एक जण आहे, आणि शारजाहून आम्हाला रोज जेबेल अलीला नेणारी-आणणारी जी कंपनीची हायेस व्हॅन आहे तिचे ड्रायव्हर अफगाण सीमेवरच्या उत्तर वझिरिस्तानातल्या मीर अली गावचे, सगळे त्यांना खानसाब म्हणतात. संध्याकाळी परत येताना ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास कुठेच जात नाहीत त्यामुळे बोलणं होतंच. (इथे राजकारणावर मोठ्याने कोणी बोलत नाही, नियम कडक आहेत, पण गाडीच्या काचा वर असल्या की माणसं मोकळी होतात.) परवा बोटिमवर (इथलं कॉलचं ॲप) नणंदेने विचारलं, "अगं पण त्यांच्याशी बोलता तरी काय तुम्ही?" तर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या बाकीच्यांसाठी हे.

पहिलं म्हणजे पाकिस्तानात काय चाललंय ते कळायला इस्लामाबादला जायची गरज नाही, अर्धं राजकारण इथेच शिजतं. बेनझीर भुट्टो वनवासात इथेच राहायच्या. २००७च्या जुलैमध्ये त्या आणि लष्करशहा मुशर्रफ अबूधाबीत गुपचूप भेटले, त्यातूनच पुढे खटले माफ करणारा तो प्रसिद्ध अध्यादेश निघाला, ऑक्टोबरात बेनझीरबाई दुबईहून विमानाने कराचीला उतरल्या आणि त्याच रात्री त्यांच्या मिरवणुकीत स्फोट होऊन दीडशेच्या आसपास माणसं गेली. त्या वाचल्या, पण २७ डिसेंबरला रावळपिंडीतल्या हल्ल्यात गेल्याच. ज्या बागेतली सभा आटपून त्या निघाल्या होत्या त्याच बागेत १९५१मध्ये पाकिस्तानच्या पहिल्या पंतप्रधानांना, लियाकत अलींना गोळी घातली होती. आणि रावळपिंडी म्हणजे लष्कराचं मुख्यालय असलेलं गाव बरं का, कुठलं आडबाजूचं खेडं नाही.

नवाझ शरीफांचं तर दोनदा झालं. मुशर्रफांनी १९९९मध्ये गादीवरून उतरवल्यावर सौदीने मध्यस्थी करून त्यांना २०००च्या डिसेंबरात जेद्दाला नेलं, पाहुणे म्हणून. मग २०१७मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पंतप्रधानपदावरून घालवलं ते कशावरून, तर इथल्या जेबेल अलीतल्या एका कंपनीकडून मिळू शकणारा पगार, दहा हजार दिरहम महिना, त्यांनी जाहीर केला नव्हता, घेतला नव्हता तरीसुद्धा! पनामा पेपर्सपासून सुरू झालेली केस आणि माणूस अडकला तो दुबईच्या इकाम्यात, म्हणजे राहण्याच्या परवान्यात. पुढे शिक्षा, तुरुंग, मग उपचारासाठी लंडन, आणि २०२३च्या ऑक्टोबरात परत गेले ते दुबईहूनच खास विमान करून. आणि मुशर्रफ? ज्यांना २०१९मध्ये त्यांच्याच देशाच्या विशेष कोर्टाने देशद्रोहासाठी फाशी सुनावली होती ते २०२३च्या फेब्रुवारीत इथल्याच हॉस्पिटलात वारले आणि मग कराचीत पुरले गेले. फाशी देणारा, फाशी चुकवणारा, गादीवर बसवणारा, उतरवणारा, सगळ्यांचा एक पाय इथे.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर दोनच गोष्टी चालतात, एक तर पाकिस्तान अमेरिकेचा गुलाम नाहीतर चीनचा गुलाम. मला इथे राहून ते तितकं खरं वाटत नाही. नाक्यावर गाळा असलेला माणूस जसा स्वतः धंदा करत नाही, नुसतं भाडं खातो, तसं तिथल्या जनरल लोकांचं आहे आणि भाडेकरू आला की भाव ते स्वतः ठरवतात. जनरल अयुब खानांच्या काळात पेशावरजवळ अमेरिकेला तळ दिला, १९६०मध्ये रशियाने पाडलेलं ते अमेरिकेचं यू-टू हेरगिरी विमान पेशावरहूनच उडालं होतं. जनरल झियांच्या काळात अफगाणिस्तानात रशियाविरुद्धचा जिहाद, डॉलर आले, स्टिंगर क्षेपणास्त्रं आली, जोडीला कलाश्निकोव्ह आणि हेरॉइनही आलं ते कायमचंच राहिलं. मुशर्रफांच्या काळात ९/११ नंतर तिसऱ्यांदा तेच. म्हणजे बघा, अमेरिकेचा पैसा जोरात आला तेव्हा बहुतेक वेळा इस्लामाबादेत वर्दीवालाच बसलेला होता. लोकशाहीवर भाषणं द्यायची आणि फोन लावायचा तो पिंडीला, म्हणजे रावळपिंडीच्या लष्कराला, हे वॉशिंग्टनने सत्तर वर्षं केलंय. आणि पिंडीने एका हाताने पैसे घेतले नि दुसऱ्या हाताने अमेरिकेशी लढणाऱ्या हक्कानींच्या तालिबानी गटाला उत्तर वझिरिस्तानातल्या मिरानशाहमध्ये सांभाळलं, ओसामा २०११मध्ये सापडला तो ॲबटाबादला त्यांच्या लष्करी ॲकॅडमीच्या जवळ. यात गुलाम कोण आणि मालक कोण ते तुम्हीच ठरवा.

आता खानसाबांचं ऐका. २०१४च्या जूनमध्ये लष्कराने उत्तर वझिरिस्तानात मोठं ऑपरेशन सुरू केलं, झर्ब-ए-अझ्ब, आणि लाखो लोकांना घरं सोडून निघायला लावलं. खानसाब तेव्हा इथेच होते, गाडी चालवत होते, घरचे सगळे शेजारच्या बन्नू शहराच्या दिशेने निघाले, म्हातारी आई खाटेवर, फोन लागेना कारण नेटवर्कच बंद, आणि हे इथे प्रवाशांना विमानतळावर सोडतायत. त्यांचं म्हणणं की ज्यांना मारायला फौज आली होती त्यातले मोठे मोठे आधीच पसार झाले होते, सगळ्या गावाला माहीत होतं, फौजेलाच कसं माहीत नव्हतं. दोनेक वर्षांनी घरचे परत गेले तर मीर अलीचा बाजार सपाट, त्यांच्या चुलत्याचं टायरचं दुकान कुठे होतं ते मशिदीवरून अंदाजाने शोधावं लागलं. घर पूर्ण पडलं असेल तर सरकार चार लाख रुपये देणार आणि अर्धवट पडलं असेल तर एक लाख साठ हजार. सर्व्हे करणारा आला तेव्हा त्यांच्या घराची एक भिंत उभी होती, म्हणून ते "अर्धवट" ठरलं. "बाजी (म्हणजे ताई), भाई बोला हम वो दीवार बी गिरा देता है, वो बोला अब लिख दिया." हे ते हसत सांगतात, आणि आम्हीही गाडीत हसलो, मग थोड्या वेळाने मला कसंतरीच वाटलं.

२०१८मध्ये पश्तून तरुणांचं एक आंदोलन उभं राहिलं, पीटीएम म्हणजे पश्तून तहफ्फुज मूव्हमेंट, मंझूर पश्तीन त्यांचा नेता. वझिरिस्तानच्या एका तरुणाला, मॉडेलिंगची हौस असलेला मुलगा तो, कराचीत पोलिसांनी खोट्या चकमकीत मारलं त्यावरून पेटलं. मागण्या काय, तर सुरुंग काढा, चेकपोस्टवर अपमान थांबवा, उचलून नेलेली माणसं कोर्टात उभी करा. बंदूक नाही, दगड नाही. त्यांच्या सभांमध्ये घोषणा असायची, "ये जो दहशतगर्दी है, इसके पीछे वर्दी है." २०२४च्या ऑक्टोबरात सरकारने या संघटनेवर बंदी घातली. आणि तालिबान? २०२१मध्ये काबूल पडलं तेव्हा आयएसआयचे प्रमुख फैझ हमीद काबूलच्या हॉटेलात चहाचा कप हातात घेऊन सगळं ठीक होईल म्हणत होते, तो फोटो जगभर फिरला. त्यानंतर पाकिस्तानी तालिबानचे हल्ले इतके वाढले की २०२३च्या जानेवारीत पेशावरच्या पोलिस लाइनीतल्या मशिदीतच ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक पोलिस. ते फैझ हमीद आता स्वतःच तुरुंगात आहेत, लष्करी कोर्टाने चौदा वर्षं दिली.

लाहोरवाल्याची तऱ्हा वेगळी. तो इम्रान खानचा कट्टर. २०२२च्या एप्रिलमध्ये अविश्वास ठरावाने इम्रान गेला त्या रात्री हा झोपला नाही, दुसऱ्या दिवशी डोळे लाल, अमेरिकेने पाडलं म्हणून डबाही उघडला नाही. मी एकदा म्हटलं, अरे पण २०१८मध्ये त्याला आणला कोणी? तर म्हणे "वो और बात थी." हे मला इम्रानच्या लोकांचं पटत नाही, फौज आपल्याला वर चढवते तोवर ती राष्ट्राची शान आणि खाली ओढली की परकीय षडयंत्र. पण २०२४च्या निवडणुकीत जे झालं ते बघून मात्र कोणालाही चीड येईल. निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचं बॅट चिन्ह काढून घेतलं, उमेदवार अपक्ष म्हणून वांगं, पलंग असल्या चिन्हांवर उभे राहिले, मतदानाच्या दिवशी देशभर मोबाइल बंद, तरी सगळ्यात जास्त जागा त्याच अपक्षांना! लाहोरवाला दोन दिवस कॉम्प्युटरवर त्याच्या मतदारसंघातल्या केंद्रांच्या निकालाचे कागद, फॉर्म ४५ म्हणतात त्याला, जुळवत बसला होता, बॅलन्सशीट जुळवतो तसाच पेन कानाला लावून, आणि त्याची बेरीज निवडणूक अधिकाऱ्याच्या फॉर्म ४७शी जुळेना. सरकार अर्थात शाहबाझ शरीफांचं आलं.

गंमत पुढे आहे. हाच माणूस फौजेला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतो आणि महिन्याच्या महिन्याला डीएचएच्या प्लॉटचा हप्ता भरतो. डीएचए म्हणजे डिफेन्स हाउसिंग अथॉरिटी, लष्कराने चालवलेली वसाहत. फौजेचं बाकीही सगळं आहेच, खत, सिमेंट, बँक, अगदी कॉर्नफ्लेक्ससुद्धा. मी विचारलं दुसरीकडे का नाही घेत जागा, तर म्हणाला दुसरीकडे उद्या कोण तरी कब्जा करेल, तिथे कब्जा करायची कोणाची हिंमत नाही. मला वाटतं तिथल्या लष्कराची ताकद रणगाड्यांपेक्षा यात जास्त आहे, चिडलेल्या माणसालासुद्धा पैसा ठेवायला तीच जागा भरवशाची वाटते.

आता अवघड भाग. माझं माहेर डोंबिवलीचं. २०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामला सव्वीस जण मारले त्यात डोंबिवलीचे तिघे होते, त्या आठवड्यात मी हायेसमध्ये कोणाशी बोलले नाही आणि कोणी बोलायला आलंही नाही. खानसाबांनी उतरताना फक्त "बाजी, अफसोस" एवढंच म्हटलं. लाहोरवाला गप्प. २६/११वरून आमचं आधी एकदा वाजलेलं होतं, तो म्हणाला होता ते काय सरकारने थोडंच केलं, आणि मी म्हटलं होतं, मग हाफिज सईद इतकी वर्षं लाहोरात सभा कशा घेत होता? त्याला खरी शिक्षा लागली ती २०२०मध्ये, पाकिस्तान एफएटीएफच्या (दहशतवाद्यांना जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमध्ये अडकून पैशाची वाट बंद व्हायला लागली तेव्हा, आणि तीही दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल, मुंबईबद्दल नाहीच. मुंबईत १६६ माणसं मेली त्याने जे झालं नाही ते एका यादीने करून दाखवलं.

मग ७ मे आला, भारताचं ऑपरेशन सिंदूर, आणि चार दिवस ऑफिसात सगळे आपापल्या फोनमध्ये. १० तारखेला युद्धबंदी झाली. त्यातच ९ तारखेला आयएमएफने पाकिस्तानचा एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला हे लाहोरवाल्यानेच मला सांगितलं, थोडं खिजवायलाच. पण मला जास्त आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन वर्षांपूर्वी, ९ मे २०२३ला, इम्रानच्या अटकेनंतर जमावाने लाहोरच्या कोअर कमांडरचा बंगला जाळला तेव्हा ज्याने आनंदाने पेढे वाटले होते, बंगल्यातला मोर कोणीतरी उचलून नेतोय तो व्हिडिओ आम्हाला फिरून फिरून दाखवला होता, त्याच माणसाच्या स्टेटसला आता सॅल्यूट ठोकणारे वैमानिक. चार दिवसांत तीन वर्षांचा राग धुऊन निघाला. आपल्याकडे कोणाला आवडणार नाही हे, पण पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुनीरसाहेब यांच्यासाठी त्या मे महिन्यासारखा महिना दुसरा झाला नाही.

वझिरिस्तानात मात्र तोच मे महिना असा गेला. १९ तारखेला मीर अलीजवळच्या हुर्मुझ गावात ड्रोनहल्ला झाला, चार लहान मुलं गेली. गावकऱ्यांनी लष्कराकडे बोट दाखवलं, मुलांची प्रेतं घेऊन रस्त्यावर बसले, आणि लष्कर म्हणालं हे तालिबानचं काम, त्यामागे भारत. दुसऱ्या दिवशी, २० मेला, असीम मुनीर फील्ड मार्शल झाले, अयुब खानांनंतर दुसरेच. खानसाबांना मी विचारलं तुम्हाला काय वाटतं कोणाचं होतं, तर ते सिग्नलकडे बघत म्हणाले, "बाजी, दोनों बोलता है हम तुमको बचाता है." आणि मग सालिकचे, म्हणजे दुबईच्या टोलचे, पैसे वाढले त्यावर बोलायला लागले.

त्यानंतरचं तुम्ही वाचलंच असेल. जूनमध्ये ट्रम्पसोबत व्हाइट हाउसमध्ये जेवण, पंतप्रधान बरोबर नाहीत, पाहुणे लष्करप्रमुख मुनीर. सप्टेंबरात सौदीशी करार, एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला. नोव्हेंबरात घटनादुरुस्ती, तिन्ही दलांच्या वर एकच माणूस, फील्ड मार्शलपद आयुष्यभर आणि खटल्यापासून संरक्षणही आयुष्यभर. पूर्वी बिचाऱ्यांना सत्ता घ्यायला टीव्ही स्टेशनला रणगाडे पाठवावे लागायचे, आता संसदच सह्या करून घरपोच देते. नवीन भाडेकरूही रांगेत आहेत, बलुचिस्तानातल्या रेको डिक खाणीचं तांबं-सोनं, खनिजं, क्रिप्टो, काय काय.

खानसाबांचा मोठा मुलगा बारावी झालाय, बन्नूत असतो, त्याला इकडे आणायचं चाललंय पण पाकिस्तान्यांना व्हिसा सध्या फार अवघड झालाय. लाहोरवाला ओळखीच्या टायपिंग सेंटरवाल्याकडे (इथे व्हिसाचे अर्ज भरून देतात ते) त्याचे कागद घेऊन गेला होता, दोनदा रिजेक्ट. आता सौदीचं बघतायत, एजंट साडेपाच लाख मागतोय. परवा गाडीत दोघांचा हिशोब चालला होता की एवढे पैसे उभे कसे करायचे, आणि लाहोरवाला म्हणाला माझी डीएचएची फाइल, म्हणजे प्लॉटचे कागद, विकली तर आत्ता चांगला भाव येईल, मे महिन्यानंतर रेट वर गेलेत.