रंग पेटवणं सोपं, वेगळे करणं कठीण

जर्मनीतल्या गटिंगनमधल्या आमच्या मायक्रोस्कोपच्या खोलीला खिडकी नाही. डिटेक्टर इतके हळवे, की मॉनिटरचा उजेडही झाकावा लागतो. लालबागहून फोन आला की बाबा विचारतात, "अंधारात बसून करतोस तरी काय रे?" तर त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

समोर उंदराच्या त्वचेचा तुकडा असतो. त्यातल्या पेशी तीन प्रथिनांनी रंगवलेल्या: हिरव्या, पिवळ्या, लाल. एरवी प्रत्येक रंगाला बहुधा वेगळा लेझर लागतो. इथे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड लेझर, सुमारे शंभर फेम्टोसेकंदांचे स्पंद सोडणारा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग). दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच क्षणी शोषले गेले तरच रेणू चमकतो, आणि तेवढी दाटी फक्त फोकसपाशी असते. ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट यांनी मांडली ती याच गावात, १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात. लेझर आला १९६० मध्ये, आणि या कल्पनेवरचा मायक्रोस्कोप बनला १९९० साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात. कागदावरचं गणित इतकी वर्षं थांबलं होतं!

या पद्धतीत शोषणाचे पट्टे रुंद असतात, म्हणजे एकेक रंग लेझरच्या बऱ्याच तरंगलांबींना पेटतो. ९२० नॅनोमीटर तरंगलांबीवर हिरवा आणि पिवळा दोघंही पेटतात. लाल जरा कुरकुरतो, त्याला १०४०च्या आसपास आवडतं. खरी मारामारी पुढे, परत येणारा प्रकाश वेगळा करताना. हिरव्याच्या उजेडाचा कळस ५०९ला, पिवळ्याचा ५२७ला. फिल्टर कितीही चांगला घ्या, एकाचा उजेड दुसऱ्याच्या खात्यात जातोच. गणपतीत आपल्या गल्लीत दोन मंडळांचे स्पीकर समोरासमोर लागतात ना, तसंच. म्हणून एकेकच रंग असलेले नमुने आधी तपासायचे, कुणाचा किती वाटा कुठे पडतो ते मोजायचं आणि मग गणिताने वजाबाकी. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून काढलेल्या सुंदर चित्रांवर माझा विश्वास नाही.

आमच्या सरांना चौथा रंगही हवा होता. मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात निळ्या चॅनलमध्ये जाळीसारखं काहीतरी चमकलं, रंग न घालताच. लेझर ९२०वरून ९४०वर नेला, तर चमक ४६०वरून ४७०वर सरकली. रंगद्रव्य असतं तर जागचं हललं नसतं. हे कोलॅजेन, त्वचेतलं तंतुमय प्रथिन: ते लेझरची तरंगलांबी बरोब्बर अर्धी करून परत पाठवतं. सरांना चौथा रंग मिळाला, आणि तोही फुकट.