फोटोसेल, टायमर आणि लॅपटॉप: टाइम ट्रायलची जुळणी

नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा सायकल गट हिवाळ्यात टाइम ट्रायल घेतो. एकेक जण मिनिटाच्या अंतराने सुटतो. आजवर सगळं स्टॉपवॉचवर चालायचं. यंदा एका मित्राने स्कीइंगच्या शर्यतींत वापरतात तसला टायमर आणि फोटोसेल, म्हणजे रेषेवरचा प्रकाशकिरण तुटला की टायमरला कळवणारं उपकरण, मिळवून दिला. तिथेही खेळाडू एकेकटाच उतरतो आणि निकाल शंभरांश सेकंदात लागतो, म्हणजे गरज आमच्यासारखीच. लॅपटॉपवरच्या शर्यतीच्या सॉफ्टवेअरशी तो जोडायचं काम माझ्याकडे आलं.

टायमरला जुना नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, लॅपटॉपला फक्त यूएसबी. कन्व्हर्टर आणला, ड्रायव्हर टाकला, तरी सॉफ्टवेअरला काही दिसेना. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर पोर्टला कॉम १२ क्रमांक मिळालेला, आणि सॉफ्टवेअरची यादी कॉम ९ वर संपणारी. क्रमांक ४ केला. मग अक्षरं आली, पण सगळी अगम्य. टायमर ९६०० बॉडने (बॉड म्हणजे सीरियल पोर्टवरून माहिती पाठवण्याच्या वेगाचं माप) पाठवत होता, सॉफ्टवेअर २४०० ने वाचत होतं. हे समजायला माझी अख्खी संध्याकाळ गेली, आणि समजलं तेही पोर्टवर आलेली अक्षरं जशीच्या तशी दाखवणाऱ्या साध्या टर्मिनल प्रोग्रॅममुळे. तुम्ही सुरुवातच तिथून करा. टर्मिनलवर वेळ नीट उमटली की केबल, ड्रायव्हर आणि वेग तिन्ही बरोबर आहेत.

चाचणीत एकच सायकल तीन वेळा नोंदली गेली. पुढचं चाक, पाय, मागचं चाक, प्रत्येकाने किरण तुटतो. सायकल सुमारे पावणेदोन मीटर लांब. ताशी ३० किलोमीटरने ती ०.२ सेकंदात पार होते. म्हणून टायमरला अर्ध्या सेकंदाचा लॉक लावला, म्हणजे एका नोंदीनंतर तेवढा वेळ तो दुसरी नोंद घेत नाही. तेवढ्यात दुसरा कोणी आलाच तर त्याच्यासाठी रेषेवरच्या पंचाचं स्टॉपवॉच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सॉफ्टवेअरमधल्या एका छोट्या चौकोनात होती: 'संगणकाची वेळ वापरा'. त्यावर आधीच खूण होती. ती मी काढली. किरण तुटल्यावर संदेश लॅपटॉपपर्यंत पोचायला कधी कमी, कधी जास्त वेळ लागतो. शंभरांशाच्या हिशेबात तेवढ्याने क्रमांक बदलतो. खरा क्षण टायमरच्याच घड्याळात असतो. सॉफ्टवेअरने त्याला बिब क्रमांक, म्हणजे खेळाडूच्या अंगावर लावलेला क्रमांक, जोडावा आणि सुटण्याची वेळ वजा करावी, बस्स. मात्र मग सुटण्याची वेळही त्याच घड्याळाची हवी. म्हणून शर्यतीच्या पहाटे स्टार्टर काकांचं घड्याळ टायमरशी मिळवून घेतलं. स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तर दोन स्वतंत्र टायमर एकमेकांशी मिळवून चालवतात.

शर्यतीच्या मध्यावर कन्व्हर्टर सैल झाला आणि स्क्रीन थांबली. तेवढ्यात तिघे रेषा ओलांडून गेले. केबल घट्ट बसवून टायमरच्या मेमरीतून नोंदी पुन्हा पाठवल्या. तिघांच्या वेळा शंभरांशासकट आल्या, आणि पंचाच्या कागदावरून मी त्यांचे बिब क्रमांक भरले.